नवापुऱ्याचं पेव

चैत्र वद्य ७, शके १७८६. मुक्काम अमरावती.

सुखरूप पोचलो. मैना, तू निघताना बजावलं होतंस की घर नुसतं डोळ्यांनी पाहू नका, आठ-दहा दिवस राहून पाहा, पाणी पाहा, शेजार पाहा, चुलीचा धूर कुणीकडे जातो ते पाहा आणि मगच आम्हाला निरोप धाडा. म्हणून ही वही. तुला वाचता येत नाही आणि मला आठवत नाही, तेव्हा रोजचं रोज लिहितो, आलीस की वाचून दाखवीन. पोथीवरून गिरवत शिकलेलं अक्षर, कोंबडीनं अंगण उकरावं तसं. पण वाचायचं मलाच आहे.

चांदूर बाजारपासून इथवर वाटभर कापसाच्या गाड्याच गाड्या. बाभळींच्या काट्यांना रुई लटकलेली, माणसांच्या मिशांना रुई, म्हशींच्या शिंगांना रुई. साता समुद्रापलीकडे कुठं लढाई पेटली, कापसाचा भाव चढला आणि इथं शहाण्या माणसांनी ज्वारी-तूर उपटून कापूस पेरला. आपली वांगी-कोथिंबिरीची बागाईत पाटलानं कापसासाठी काढून घेतली ती त्याच पायी. असो. अक्षय्य तृतीयेला आपलं घर खाली करून द्यायचं आहे, सून शकुनला नववा लागलाय, दोन लेकरं हातची गेली आणि हे तिसरं. तिच्या डोक्यावर छप्पर हवं, बाकी काही नाही.

छप्पर छान आहे. नवापुरा म्हणतात या गल्लीला, परकोटाबाहेर, कापूस बाजाराच्या मागे. समोरासमोर सहा-सहा, एकूण बारा घरं, कोरी करकरीत, मातीच्या भिंती अजून ओल्या वासाच्या. आपलं बारावं, गल्लीच्या टोकाला. आपल्या पोराला, सूर्यभानला, बाजारात कापूस तोलायचं काम देणारा शालिकराम पहिल्याच घरात राहतो. मी उतरलो तर अख्खी गल्ली बाहेर आली. बायका पाया पडल्या. शेजारच्या पार्बताबाईनं गरम भाकर आणि झुणका आणून दिला. म्हणाली, "आबाजी, लाजू नका, आपलंच घर हाय." मला गहिवरून आलं. शहरात माणुसकी नसते असं कोण म्हणतं?

वद्य ८.

सकाळी पुरा पाहून घेतला. गल्लीच्या तोंडाशी मोठा कडुलिंब. गल्लीच्या ऐन मध्यावर एक गोल ओटा, शेणानं रोज सारवलेला, मध्ये जात्याच्या दुप्पट शिळा. देव नाही, शेंदूर नाही. मी टेकायला गेलो तर शालिकरामानं हात धरून उठवलं, म्हणाला, ओटा ओला हाय. मला कोरडा वाटला.

मागल्या अंगणात तुळस लावायला जागा आहे, दोन वाफे आळूचेही होतील. धूर पूर्वेला जातो, शकुनच्या डोळ्यांना त्रास नाही. अंबादेवीचं देऊळ चालत जाण्याजोगं. बाजाराच्या वाड्यात माणसं टांगलेल्या पोत्यांत उभी राहून कापूस तुडवतात, नुसती डोकी वर दिसतात, वर-खाली, वर-खाली. हसू आलं.

एक गोष्ट तुला सांगायची. भाकरीचा घास तोंडात घातला आणि ओळखलं: पेवातली ज्वारी! तो आंबूस, उबट वास खेड्यातला माणूस विसरत नाही. जमिनीत रांजणासारखा खड्डा खणायचा, कडबा अंथरून ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून लिंपून टाकायचं. दहा वर्षं दाणा टिकतो. आपल्याकडची पेवं कधीच रिकामी झाली. अमरावतीत तर ज्वारीचा दाणा दिसत नाही, बाजारात लोक चिंचोके भरडून खातात. आणि इथं बाराच्या बारा घरी, म्हणजे अकरा घरी, रोज ज्वारीची भाकर. शेत एकाचंही नाही. पार्बताबाईला विचारलं तर म्हणाली, "खा ना आबाजी. दाण्याले काय विचारता?"

वद्य १०.

गप्पांना जोडीदार हवा म्हणून माझ्या वयाचा माणूस शोधायला निघालो. चिलीम आणि जुन्या दुष्काळाच्या गोष्टी, एवढंच मागणं. पहिल्या घरी शालिकरामाचे वडील, तर ते कौंडण्यपूरला देवदर्शनाला गेलेत. बरं. समोरच्या घरी सासू होती, ती लेकीकडे बडनेऱ्याला. तिसऱ्या घरचे आजोबा गावाकडे. चौथ्या घरची आजी पुन्हा कौंडण्यपूरला. मी थट्टेनं म्हटलं, कौंडण्यपूरला म्हाताऱ्यांची जत्रा भरली की काय? घरातली सून हसली नाही. मुलाला पोटाशी धरून आत गेली.

अकरा घरं फिरलो. पांढरं डोकं एक नाही. दारामागे काठ्या आहेत. एका घरी खुंटीवर जुनं पागोटं आहे, धूळ झटकलेलं. माणूस देवदर्शनाला जाताना काठी घरी ठेवून जातो?

म्हातारपणी मन संशयी होतं हे खरं. पण मैना, तूच सांग.

वद्य ११.

आज मन निवलं. घर घेण्याआधी माझा बाप करायचा ते केलं. मागल्या अंगणात हातभर खड्डा खणला आणि तीच माती पुन्हा त्यात लोटली. माती कमी पडली तर जागा सोडावी, उरली तर लक्ष्मी. मैना, माती उरली! थोडीथोडकी नाही, टोपलंभर. खड्डा भरून वर ढीग राहिला. काळीभोर, आणि हाताला ऊबदार. बाजूला बघतो तर कुंपणापाशी शालिकराम, पार्बताबाई, अजून चार-पाच जण उभे. सगळ्यांचे चेहरे लग्नघरासारखे. शालिकराम म्हणाला, "आबाजी, भुईनं तुमाले पसंत केलं."

लगेच चांदूरकडे जाणाऱ्या गाडीवानाजवळ निरोप दिला की या, अक्षय्य तृतीयेला घरात पाऊल टाका. शालिकरामानं विचारलं, कोणकोण येणार? मी सांगितलं, मुलगा, सून, तिच्या पोटातलं आणि माझी मैना. तो थबकला. "म्हणजे म्हातारी मानसं दोन?" म्हटलं, हो, दोन. त्यानं माझे हात हातांत घेतले आणि डोळ्याला पाणी आणलं. इतकं कशासाठी, कळलं नाही.

वद्य १३.

रात्री झोपलो होतो चांगला, पण उरलेल्या मातीचा ढीग सकाळी वाढलेला वाटला. उंदीर उकरत असतील.

गल्लीला पाणी देणारा नत्थुजी पखालवाला. माझ्याच वयाचा, दाढी पांढरी, बैलही तसाच. तो कडुलिंबाच्या आत पाऊल घालत नाही. बायका घागरी घेऊन तिथवर जातात. मी जवळ जाऊन राम राम केला, म्हटलं, चला, माझ्या दारात बसून चिलीम ओढू. तो माझ्याकडं पाहतच राहिला. म्हणाला, "बुवा, तुमी इथं काहून आले? तुमाले कोणी आनलं?"

मी म्हटलं, मीच आलो, घर पाहायला. त्यावर त्यानं सांगितलं की दोन वर्षांत त्यानं या गल्लीत अकरा म्हातारी माणसं आत जाताना पाहिली. बाहेर येताना एक नाही. तिरडी नाही, रडणं नाही, मडकं फुटलेलं नाही. मी म्हटलं, कौंडण्यपूरला गेलीत. तो म्हणाला, तो रस्ता या लिंबाखालूनच जाते आन् मी इथं रोज उभा असतो.

बैलाला हाकत निघून गेला. जाताना एवढंच बोलला की गल्लीत मी माझी पांढरी दाढी घेऊन जात नाही, तिथं तिची कदर फार.

आज भाकर खाल्ली नाही. पार्बताबाई दोनदा विचारून गेली. तिसऱ्यांदा दारात बसूनच राहिली. मग खाल्ली.

अमावास्या.

भर दुपारी ओट्याभोवती सगळी गल्ली जमली. शिळा पहारीनं सरकवली. खाली पेव आहे. मला आधीच ओळखायला हवं होतं.

मी ओरडलो, अरे, दिवसभर तोंड उघडं टाका, आतला वायू निघून जाऊ द्या, आमच्या गावी अशी दोन माणसं मेलीत. कुणी ऐकलं नाही. दिवा सोडला, तो खाली खोल शांत जळत राहिला. कुणीही उतरलं नाही. दोरीला टोपलं बांधून खाली सोडलं आणि दोरी सैल धरून सगळे नुसते उभे राहिले. आपण विहिरीवर पोहरा भरायची वाट पाहतो तसे.

दोरीला झटका बसला. ओढलं. टोपलं भरून आलं.

मैना, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्वारी शिगोशीग होती आणि वरून हातानं सारखी केलेली. दाण्यांत पंजा उमटलेला, चार बोटांचा, करंगळी नाही. पार्बताबाईनं त्या पंजावर स्वतःचा पंजा ठेवला, कपाळाला लावला आणि टोपलं घेऊन घरी गेली. दुसरं टोपलं वर आलं, त्यावर दुसरा हात. मोठा, पुरुषाचा. ते शालिकरामानं घेतलं. अकरा टोपली. पण शेवटची चार अर्धीच होती, आणि त्यावर शालिकराम आणि इतर माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. बाळंतिणीच्या खोलीबाहेर माणसं दाराकडे बघतात, तसं.

शिळा सरकवताना आतून वाळू खरवडल्यासारखा आवाज आला. ज्वारी हातानं सारखी करताना होतो तसा.

वैशाख शुद्ध १.

पार्बताबाईकडे गेलो. सरळ विचारलं. तीही सरळ बोलली, ज्वारी निवडता निवडता.

नवापुरा वसला तेव्हा हे पेव शेतात सापडलं, तळाशी दोन बोटं दाणा उरलेलं. त्या वर्षी बाजारात कापूस होता, भाकर नव्हती. तिचं लेकरू पाला खाऊन सुजलं होतं. सासू, जिची करंगळी विळ्यानं गेली होती, न सांगता खाली उतरली, तळ खरवडायला. वायूनं गेली असणार. भीतीनं यांनी शिळा लोटली. तिसऱ्या दिवशी प्रेत काढायला उघडलं तर प्रेत नव्हतं. पेव तोंडापर्यंत भरलेलं होतं, वरून सारखं केलेलं.

मग घरोघरचं एकेक. तिनं शपथेवर सांगितलं की कुणी कुणाला ढकललं नाही. "आबाजी, नातू उपाशी पाहून कोन बसून राहीन?" एका हातानं एका घराचं भागतं. पण लेकरं मोठी झाली, खाणारी तोंडं वाढली, हात थकलेत. बाराव्या घराचं माणूस कमी आहे.

मी विचारलं, आणि नाही उतरलं तर?

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या आधी बाराव्या घरात एक कुटुंब आलं होतं. त्यांचा म्हातारा पहाटे मागल्या कुंपणावरून पळून गेला. त्याच दिवशी पाळणा रिकामा झाला. पेवाला म्हातारंच लागतं असं नाही, ती म्हणाली. घरातलं दिलं नाही तर ते घरातलं सगळ्यात लहान घेतं. आणि माती उरली ती लक्ष्मी नव्हे. पेव आतून फुगत माझ्या अंगणापर्यंत आलंय.

ज्यानं इथली भाकर खाल्ली तो या गल्लीचा झाला, म्हणे. मी नऊ दिवस खाल्ली.

शकुनच्या पोटातलं. सगळ्यात लहान.

शुद्ध २, सकाळ.

पळून जाता येत नाही. मी लिंब ओलांडला आणि ते लेकरू— नाही. मी इथंच बसतो. पण त्यांनी इथं येऊ नये.

नत्थुजीच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, चांदूरच्या वाटेवर पडाव असेल, मैनाबाई आणि सूर्यभान माळी म्हणून विचारा, सांगा घर वाईट निघालं, मागे फिरा. एवढंच सांगा. बाकी काही बोलू नका. तो बैल सोडून निघाला.

शुद्ध २, दुपार.

आज भाकर कुणी आणली नाही. सगळी दारं लावलेली. फटीतून डोळे.

अंगणातला ढीग आता गुडघ्याएवढा. उंदीर नाहीत.

शुद्ध २, तिसरा प्रहर.

नत्थुजी आला. एकटाच. भेटले, म्हणाला. मागे फिरायला घर कुठंय, पाटलानं अंगणात नांगर घातला. शकुनला गाडीतच कळा सुरू झाल्या. शहरात खोली म्हणून नाही, लोक गाड्यांखाली झोपतात. बाळंतीण उघड्यावर कशी ठेवणार, सूर्यभान म्हणाला. उद्या उन्हं चढता येतील.

मी विचारलं, तुम्ही बाकी काही बोललात का? त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "तुमच्या बाईनं इचारलं. लई इचारलं. माझ्या तोंडातून सारं काढलं."

मैना, तू पोलिसातच हवी होतीस.

ठीक. मग ठरलं. उद्या मीच उतरतो, तुम्ही पोचायच्या आत. घाबरलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण माझं काय, सत्तरीचं खोड. शकुनचं लेकरू राहील, तू राहशील. सूर्यभानला बाकीचं तू सांग, मला जमणार नाही—

शुद्ध ३. अक्षय्य तृतीया.

उजाडताच गाडी. माझ्या आधी. रात्रीच जुंपली म्हणे.

शकुनला घरात घेतलं. पार्बताबाई आणि बाकी बाया आत. मैना उतरली, माझ्याकडं पाहून हसली. म्हणाली पाणी तापवा. मी पाणी तापवत होतो. चूल— धूर—

मुलगा झाला. रडला. मोठ्यानं रडला!! जिवंत.

सूर्यभान मला मिठी मारून रडतोय. मी म्हटलं आता मी जरा बाहेर जाऊन येतो. मैनाला हाक मारली. एकदा शेवटचं बघावं म्हणून—

मैना आत नाही.

अंगणातही नाही.

पार्बताबाई माझ्याकडं बघत नाही. म्हणते, बाळाचा आवाज ऐकला आन् उठल्या. नाव इचारलं माझं. पोरीकडं पाहा म्हनल्या. ओटा कुठं म्हनल्या.

—

शिळा बसलेली. ओटा नुकता सारवलेला, ओला. खरंच ओला. शालिकराम म्हणतो, आमी नाही, देवाशपथ आमी नाही, त्यांनी पहारीची वाटही पाहिली नाही, शिळा आपोआप—

मी, सूर्यभान, नत्थुजीसुद्धा. नत्थुजी आत आला. तिघांनी पहार लावली. हलत नाही. नखं गेली.

अंगणातला ढीग खाली बसला. सपाट.

—

सूर्यभान घण आणायला गेलाय. मी ओट्यावर पालथा पडून लिहितोय. कान शिळेला.

आवाज येतो. खरवडल्यासारखा. मग थांबला.

मैना, मी म्हटलं. मैना, मी आलोय, घण येतोय, धीर धर.

खालून तिचा आवाज. अगदी तिचाच. दुखरा नाही, घाबरलेला नाही. संध्याकाळी कणगीपाशी बसून विचारायची तसा. "अवो, किती जनांचं काढू?"

मी कान शिळेला आणखी दाबला.

पुन्हा विचारलं. "बोला ना. शकुन उपाशी हाय. किती जनांचं काढू?"

शकुननं कालपासून काही खाल्लं नाही. बाळ ओढतंय, दूध नाही. घरातून रडणं ऐकू येतंय.

मी, सूर्यभान, शकुन. तिघांचं म्हणायचं. चौघांचं कसं म्हणू, ती तर— आणि तिघांचं म्हटलं की मीच तिला मोजून बाहेर—

ती वाट पाहतेय. टोपलं कुणीतरी आणून ठेवलंय माझ्या उशाशी. दोरी बांधलेली.

घण अजून आला नाही. बाळ रडायचं थांबत नाही. मैना, मी सांगतो, पण तू आधी वर— तू एकदा— ति